घरामागे सांगितलेला भाव

कान्हे गावात आमच्या शेजारी राहणारे आबा बैलांची दलाली करतात. बोलायच्या आधी खांद्यावरचा पंचा झटकायची त्यांना सवय आहे. पंचा झटकला की समजायचं, आता काहीतरी अवघड विचारणार.

वडिलांची जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली. तिची किंमत पुण्यातल्या एकाने अवाच्या सवा सांगितली आणि भंगारवाल्याने अगदीच मातीमोल. शेवटी आबांना म्हटलं, "तुम्हीच बघा."

आबा गाडीभोवती सावकाश फिरले. पुढच्या दोन दिव्यांच्या मधे, बैलाचं कपाळ खाजवावं तसं त्यांनी खाजवलं. मग पंचा झटकला.

"खोड काय हाय हिला?"

"उतारावर ब्रेक लावला की डावीकडे ओढते."

"मंग त्ये आदी सांगायचं. खोड ऐकूनबी जे गिऱ्हाईक हुबं ऱ्हाईल, त्याच्याशीच बोलायचं."

त्यांनी माझा हात पंच्याखाली घेऊन बोटं दाबली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. मला ओ की ठो कळलं नाही.

"तोंडाने सांगा ना, आबा."

आबांनी गाडीकडे बघितलं. "तिच्याम्होरं? न्हाई बाई."

मला घरामागे नेऊन त्यांनी कानात आकडा सांगितला. मला तो लगेच पटला.

रविवारी लोणावळ्याचा एक माणूस गाडी बघायला आला. ब्रेकचं ऐकूनही तो थांबला. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, "बोला, किती?"

कुंपणापलीकडे आबांनी मान वर केली.

"इथे नको," मी म्हणाले आणि त्याला घरामागे घेऊन गेले.