वर पाठवलं, उत्तर न्हाय

बारामतीत परत राहायला आलो त्या वर्षी मी एक जुनं सॉफ्टवेअर पुन्हा हातात घेतलं. फाइलीत कुणी, कधी आणि कशासाठी बदल केला याची नोंद ठेवायची, आणि गरज पडली तर फाइल आधी जशी होती तशी परत काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. मूळ लिहिणारे परदेशातले एक प्राध्यापक. वयामुळे त्यांना झेपेना, तेव्हा हे पुढे कोण सांभाळेल असं त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मी हात वर केला होता. दोन वर्षं हौसेनं केलं. मग नोकरी बदलली, लग्न झालं, आणि ते सुटलं. सुटलं हेही मी कुणाला कळवलं नाही. सांभाळणारा म्हणून वेबसाइटवर नऊ वर्षं माझंच नाव होतं.

पुन्हा सुरुवात करताना मी वेबसाइटवर एक लांबलचक निवेदन लिहिलं. ‘इतकी वर्षं याला कुणी हात लावला नव्हता,’ असं त्यात होतं. फाइलीचं नाव मराठीत असलं की तिच्या जुन्या नोंदी गायब व्हायच्या. तो दोष मी शोधून काढल्याचं ठळक अक्षरांत सांगितलं होतं. कुठून कुठून शाबासकी आली. ती मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली.

चौथ्या दिवशी माझ्या नव्या पत्त्यावर इंदापूरच्या एका गृहस्थांचा मराठीत मेल आला. निवेदन वाचून आनंद झाला, आपण काही दुरुस्त्या केल्या आहेत, पूर्वीही पाठवल्या होत्या, आता सवड असेल तर पाहाव्यात, असा मजकूर होता.

पूर्वी म्हणजे कधी, म्हणून मी जुनी मेलपेटी उघडली. या कामाचे मेल डोळ्यांसमोर नकोत म्हणून ते परस्पर एका वेगळ्या कप्प्यात पडतील अशी सोय मीच कधीतरी करून ठेवली होती. त्या कप्प्यात त्या गृहस्थांचे सत्तेचाळीस मेल होते. एकही उघडलेला नव्हता.

रविवारी मोटरसायकल काढून इंदापूरला गेलो. गावाबाहेर दोन मशिनचं छोटं वर्कशॉप. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. वालचंदनगरला मशिनवर नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे टाकलं होतं. पंपाचे शाफ्ट, बुश असे सुटे भाग तिथं बनत. कुठला भाग कसा कापायचा ते मशिनला सांगणारे प्रोग्रॅम ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत, कारण मशिनशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवं काही चालत नव्हतं. ते सॉफ्टवेअर अडायला लागलं आणि विचारायला कुणी भेटेना, तेव्हा त्यांनी एक पुस्तक आणलं आणि त्या वयात प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं.

त्यांनी स्टूल पुसून मला बसवलं, चहा सांगितला आणि नोंदी उघडल्या. प्रत्येक दुरुस्तीचं कारण नीट लिहिलं होतं आणि खाली एक ओळ: ‘वर पाठवलं. उत्तर न्हाय.’ पुढच्या नोंदीखालीही तेच, त्याच्या पुढच्याही. वर म्हणजे मी. मराठी नावांचा दोष त्यांनी सहा वर्षांपूर्वीच काढला होता, अकरा ओळींत. मला ऐंशी लागल्या होत्या आणि तरी एक फट राहिली होती.

तक्रारीचा सूर नव्हताच. त्यांनी एवढंच विचारलं, “मेल मिळतच नव्हते का तुमाला?”

मी म्हणालो, “स्पॅममध्ये जात होते, चाचा. मला आत्ता कळलं.”

“व्हय, तसं हुतं,” ते म्हणाले. मग माझ्यादेखत त्यांनी नवी नोंद टाइप केली: ‘मेल पोचत नव्हते. सांभाळणाऱ्यांची चूक न्हाय.’ आणि बटण दाबलं. एकदा केलेली नोंद आमच्या सॉफ्टवेअरमधून पुसता येत नाही. मी चहा संपवला आणि निघालो.

पुढचे आठ दिवस त्यांच्या दुरुस्त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेत होतो. प्रत्येकीवर त्यांचं नाव घातलं. शेवटी ‘मेल पोचत नव्हते’ ही नोंद आली. तीही घेतली तर माझं खोटं कायमचं तिथं राहणार होतं. गाळली असती तरी कुणाला कळलं नसतं, आणि गाळायच्या बेतात मी होतोही, हे इथं सांगायलाच हवं.

पुन्हा इंदापूरला गेलो. चाचा मशिन पुसत होते. उभ्याउभ्याच सांगितलं, “मेल आले होते. सगळे. मी उघडले नाहीत.”

ते पुसतच राहिले. म्हणाले, “एकबी न्हाय?”

“एकही नाही.”

त्यांनी फडकं खाली ठेवलं. “मला वाटायचं, माझंच काम कच्चं हाय, म्हणून उत्तर येत न्हाय. म्हणून तेच तेच परत करत बसायचो.”

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एक दुरुस्ती काढून दाखवली. ती त्यांनी चार वेळा नव्यानं केली होती. “ह्यातली पहिली बरोबर हुती का?” त्यांनी विचारलं. मी वाचली. बरोबर होती. तसं सांगितलं.

घरी येऊन निवेदन बदललं, घडलं ते सगळं लिहिलं. त्यावर लोकांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि ते मुकाट्यानं वाचावं लागलं. सांभाळणाऱ्यांत आता चाचांचं नाव माझ्या आधी आहे. त्यांच्या दुरुस्त्या अजून येतात, बहुतेक माझ्यापेक्षा चोख. प्रत्येकीच्या शेवटी ते लिहितात, ‘चुकलं असल्यास कळवावं.’ असं लिहू नका, म्हणून मी दोनदा विनवलं. ते हो म्हणतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा लिहितात.