म्हैस, पाडी आणि माझी थोरली जाऊ

माझ्या थोरल्या जावेइतकं मशीन ओळखणारं माणूस अख्ख्या मुळशीत झालं नाही. शिवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण मशीन हे जनावर आहे असं मानणारी ही एकटीच, आणि ती हे गमतीनं म्हणत नसे. पुण्याच्या जुन्या बाजारात ती मशीन घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार मलमलीच्या चिंधीवर टीप मारून दाखवायला लागला, तर हिनं पिशवीतून पाच-सहा पदरांच्या जाड वाकळेचा तुकडा काढला आणि म्हणाली, "आदी दात दाखवा." त्या बिचाऱ्यानं आपलंच तोंड उघडलं. हिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. खाली वाकून सुईखालचे, कापड पुढं ओढणारे दात अंगठ्यानं चाचपले आणि "म्हातारी हाय," म्हणत पुढच्या दुकानात गेली. उन्हं कलेपर्यंत आम्ही फिरलो. शेवटी एका तंबू शिवणाऱ्याची काळी, अवजड पायमशीन तिला पसंत पडली. ती पौडापर्यंत एसटीच्या टपावर आली आणि तिथून बैलगाडीत. जाऊ गाडीत बसली नाही, विकत घेतलेल्या जनावरामागं चालतात तशी मागून चालत आली. वेशीत कुणी विचारलं, काय आणलं? "म्हैस," ती म्हणाली. तेच नाव पडलं.

पुढं दुसरी मशीन आली, बारीक अंगाची, वर सोनेरी वेल काढलेली. ती पाडी. म्हशीवर गोधड्या आणि पाडीवर भरतकाम, एकीचं काम दुसरीला द्यायचं नाही. पाडीचे दात खाली पाडले आणि कापडाला रिंग लावली की ती मोर काढायची, कमळं काढायची. मंगळवारी दोघींना तेल, आणि तेल प्यायल्यावर त्या दिवशी जुंपायचं नाही. पोळ्याला बैलांच्या बरोबरीनं दोघींना पुरणपोळी. सासरे विचारायचे, दूध कधी काढतीस गं? ती डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायची, "थंडीत, मामंजी." आणि थंडी पडून तलावावरचा वारा सुटला की निम्मं गाव तिच्या गोधड्यांत असायचं.

आमच्यात गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून तो शिवून टाकतात. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी ठेवू नये. बाकीच्या बायका तो कोपरा हातानं शिवायच्या. ही म्हशीवर शिवायची. वाळकी भाकरी आणि वर इतके पदर, पण म्हैस नुसती गुरगुरत पार व्हायची. मी एकदा पाडीवर करून बघितलं, तर सुईचे दोन तुकडे झाले आणि जाऊ दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग भाऊ वेगळे झाले. आमच्याकडं थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. बायकांच्या वस्तूंचे वाटे जावेनं घातले. म्हैस कुणाच्या वाट्याला जाणार, ते आता माझ्या हातात होतं. पाडीशेजारी तिनं पितळी हंडा ठेवला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, वर समई. म्हशीशेजारी फुटका रांजण आणि मोडकी सुपली. पंच मिशीत हसत होते. मी जाऊन म्हशीवर हात ठेवला, जावेच्या तोंडाची काय कळा होते ते बघायला.

तिची काहीच कळा झाली नाही. कोनाड्यातली तेलाची बुधली आणून तिनं माझ्या हातात दिली. "मंगळवारी पाज. पायडल हळू दाब, धाकटे. घाईनं दाबलंस तर उलटी फिरती आन् दोरा तोडती." एवढं बोलून ती भिंतीकडं बघत उभी राहिली. मी आयुष्यात राजा बघितला नाही, पण देणं म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं.

मी पाडी उचलली. हंडा पाहिजे होता म्हणून, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. घरी आणून पाणी भरलं तर हंडा गळका. विचारायला गेले, तर म्हशीवरची नजर न काढता म्हणाली, "तुला मशीन पाहिजे व्हती का हंडा?"

मधे भिंत आली. पण माझ्या गोधड्या शिवायला तिच्याकडं जायच्या आणि तिच्या पोरींची झबली मोर काढायला माझ्याकडं यायची. भिंतीपलीकडं म्हैस गुरगुरायला लागली की माझा चहा तिकडंच व्हायचा.

ती गेल्यावर तिच्या लेकानं म्हैस मोडीत घातली. ठेवायला जागा नव्हती, त्याचंही बरोबर. मशीनवर अर्धी सरकवलेली गोधडी तेवढी मी मागून आणली. तीन कोपरे बंद आहेत, चौथा उघडा. पाडीला तो झेपत नाही. हातानं शिवता येईल, सुई घरात आहे, भाकरी तर रोजच होते. थंडीत मी ती तशीच पांघरते. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणतात. राहू दे.