बेसबॉलच्या मैदानातलं हळदीकुंकू

लेकीच्या घरामागे बेसबॉलचं मैदान आहे. दोन वर्षांपूर्वी सायकलींच्या एका मोठ्या दुकानदाराला हौस आली आणि त्याने तिथे पगारी खेळाडूंचा संघ काढला. पण हॉलंडमधल्या या आइंडहोवनचे लोक फुटबॉलचे वेडे. बेसबॉल बघायला चार-पाच म्हातारे यायचे, आणि मी.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथे माझ्याशी कोणी बोलत नसे. लेकीच्या ओळखीच्या बायका भेटल्या की विचारतात, "काकू, इथे करमतं का?" मला उत्तर सुचेपर्यंत त्या दुसऱ्या विषयावर गेलेल्या असतात. मैदानात दुपारभर गप्प बसलं तरी चालायचं. खेळाडूही बहुतेक वेळ नुसतेच उभे असायचे. ती माणसं मला आपल्यातली वाटायची.

चैत्रात लेकीने बातमी वाचून दाखवली. येत्या रविवारी मालक स्वतः सामना बघायला येणार, बाकं रिकामी दिसली तर संघ बंद. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"आई, त्या संघात तुझं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर जाते."

रात्रभर विचार करून सकाळी म्हटलं, "यंदाचं हळदीकुंकू मैदानात करू. ग्रुपवर टाक."

"तू बायकांना बोलावणार?"

"तू बोलाव. मी कैरीची डाळ करते."

रविवारी बायका आल्या. पैठणीवर जाड जॅकेट, सायकलच्या टोपलीत पन्ह्याच्या बाटल्या. बाकं भरली. पुढच्या रांगेतल्या मागच्यांशी बोलायला म्हणून मैदानाकडे पाठ करून बसल्या. एकीने उखाणा घेतला आणि सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नेमका तेव्हाच आमचा एक खेळाडू बाद होऊन मान खाली घालून परत येत होता. तो थांबला, त्याने टोपी काढली आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

मालकाच्या बायकोची मी ओटी भरली. ती ओटीतले भिजवलेले हरभरे एकेक करून खात बसली. मालकाने एकीला इंग्रजीत विचारलं, "तुमचा आवडता खेळाडू कोणता?"

ती म्हणाली, "आपले कोणते, निळे की पांढरे?"

मालक पोट धरधरून हसला. मोसम संपेपर्यंत संघ ठेवतो म्हणाला.

पण बायकांना जागा आवडली. चैत्र संपला तरी त्या दर सामन्याला येऊ लागल्या. माझ्या डावीकडे एक, उजवीकडे एक. "काकू, तो का पळाला?" "काकू, तुम्ही इतक्या गप्प का?" मी पन्हं पुढे करायचे. तोंडात पेला असेपर्यंत तरी प्रश्न थांबत.

पानगळ सुरू झाली तसा मालकाचा उत्साह संपला आणि संघ मोडला. बायका फार हळहळल्या. त्यांच्यादेखत मीही हळहळले.

आता तिथे कोणीच खेळत नाही. दुपारी मी जाऊन बसते. सामना नसला तरी माझं काही अडत नाही.