ओ देण्याचं काम

सगुणाबाई कोम रखमाजी, राहणार मार्गासनीच्या वरची वाडी, संस्थान भोर. वय पन्नास ते साठच्या दरम्यान. धंदा शेती, जनावरांपैकी एक शेळी. बांधा किरकोळ, रंग सावळा, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. अपत्ये: पोटची नाहीत, खरेदीची तीन, पैकी तिन्ही मूळ मालकांस परत. व्यंग: दोन्ही कानांनी बहिरी. वर्तणूक चांगली.

खरेदीचं कलम वाचून परगावचा माणूस दचकतो. वाडीत कोणी दचकत नसे. ज्या घरात मुलं जगत नाहीत त्या घराचा पत्ता सटवाईला पाठ झालेला असतो, असं वाडीचं मत होतं. पाचवीला ती नव्या मुलाच्या कपाळावर लिहायला येते, आणि घर ओळखीचं असलं तर फार लिहीत बसत नाही. तेव्हा तिच्या येण्याआधी मूल दुसऱ्याचं करून टाकायचं. फुकट देऊन भागत नाही. फुकटचा व्यवहार देवालाही खरा वाटत नसावा. म्हणून सूपभर कोंड्याला मूल विकायचं आणि चांगलं पाच वर्षांचं झालं की सूपभर कोंडा देऊन सोडवून आणायचं. मधल्या काळात मूल राहतं आपल्याच घरी, जेवतं आपल्याच ताटात. फक्त असतं दुसऱ्याचं.

घेणारी बाई म्हणून सगुणाबाईला मागणी होती. तिला मूल झालेलंच नव्हतं, त्यामुळे सटवाईला तिच्या दाराची वाट माहीत असायचं काही कारण नव्हतं. एरवी हळदीकुंकवाला, ओटी भरायला जिला मागं उभं करत, तिला या एका कामासाठी लोक अंगणात येऊन बोलवत. सगुणाबाई दोन्हीकडं सारखंच तोंड घेऊन जाई.

पहिली दोन पोरं गुंजवणी नदीच्या पलीकडची होती. घेतली आणि वेळ झाल्यावर परत केली. मधे कधी जत्रेत दिसली तर दिसली. तिसरं पोर मात्र शेजारच्या गेनबाचं, मधे एक बांध आणि शेवग्याचं झाड एवढ्याच अंतरावरचं.

गेनबाची बायको चंद्राबाई. तिची आधीची दोन मुलं रांगायच्या आधीच गेली होती. तिसरा मुलगा झाला तेव्हा पाचवीच्या दिवशी भर दुपारी गेनबानं त्याला सुपात घातला, मागच्या दारानं बाहेर काढला आणि उकिरड्याच्या कडेला ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघत उभा राहिला. सगुणाबाई सहज चालल्यासारखी आली.

"काळंच हाय की," ती वाकून म्हणाली. "नाक बी बसकं. याला सूपभर कोंडा?"

"मग ऱ्हाऊ द्या आक्का. दुसरं गिऱ्हाईक बघतो."

"दुसरं कोण घेतंय असलं! आना हिकडं. मोठं झालं तर शेळीमागं तरी फिरंल."

आत बाळंतिणीच्या खाटेवर चंद्राबाई आपल्या मुलाची ही निंदा कान देऊन ऐकत होती, आणि जितकी नावं ठेवली जात होती तितका तिचा जीव भांड्यात पडत होता. कोंड्यावर घेतला म्हणून पोराचं नाव कोंडिबा ठेवलं.

पुढचं सगळं सोपं होतं, हाक सोडून. पोरानं चंद्राबाईला आई म्हणायचं नाही. म्हटलंच तर तिनं ओ द्यायची नाही. ओ मालकिणीनं द्यायची. आईनं एकदा जरी ओ दिली तरी सटवाईला खरा पत्ता कळला म्हणून समजायचं. म्हणून कोंडिबाला बोलता यायला लागल्यावर त्याला शिकवलं की घरातली ही ती वैनी आणि बांधापलीकडची ती आई. गेनबाचे धाकटे भाऊ तिला वैनीच म्हणत, तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं काही नसलं तरी चौकशी करावी, हा त्याचा स्वभाव होता. चार वर्षांचा झाल्यावर त्यानं आपल्या खरेदीची चौकशी सुरू केली. सूप कोणतं होतं? हे का ते फाटकं? कोंडा कुणी खाल्ला? घरच्या शेळीनं खाल्ला हे कळल्यावर तो बराच वेळ शेळीसमोर उकिडवा बसून तिच्याकडं बघत राहिला. मग या माहितीचा उपयोग त्याच्या ध्यानात आला. गेनबानं वासरू वळवायला सांगितलं की हा कमरेवर हात ठेवून म्हणे, "मी तुमचा न्हाई. मालकिणीला इचारा."

"मालकिणीच्या! थांब, टाळकंच फोडतो."

"मालकिणीचं टाळकं हाय त्ये."

गेनबाचा हात वर जायचा आणि तिथंच राहायचा. विकलेल्या मालावर हात टाकायचा हक्क आपल्याला आहे की नाही, याचा त्याला स्वतःलाच नीट उलगडा झालेला नव्हता. पोरगं तोवर बांध ओलांडून पसार.

पण मालकीण त्याला ठेवून घेत नसे. उंबऱ्याच्या आत फार वेळ बसू द्यायची नाही, आपल्या हातचं भरवायचं नाही, हा तिचा स्वतःचा कायदा होता. सटवाईनं तो सांगितला नव्हता.

"जा घरी."

"ह्येच माजं घर. मी तुजा."

"माजा हाईस, पर म्या तुला त्यांच्याकडं अर्धलीनं दिलाय. शेळी दिती तसा. संबाळायचं त्यांनी, मालकी माजी."

शेळी अर्धलीनं देणं म्हणजे सांभाळणाऱ्याशी अर्धा वाटा ठरवून पोसायला देणं, हे वाडीतल्या कोणत्याही पोराला ठाऊक असतं. कोंडिबा विचारात पडला. "म्हंजी कुठला अर्धा तुजा?"

"काय?"

"वरचा का खालचा?"

ओटीवर तिचा नवरा रखमाजी सुतळी वळत बसला होता. तो म्हणाला, "खालचा घे गं. वरचा लई बोलतो." सगुणाबाई हसली नाही. तिनं पोराला दंडाला धरून बांधापर्यंत नेलं आणि पलीकडं सोडलं. तो दिसेनासा झाल्यावरही ती तिथं शेवग्याच्या शेंगा मोजल्यासारखी उभी होती. फाल्गुन होता, शेंगा अजून धरायच्या होत्या.

त्याच उन्हाळ्यात राब भाजताना तो प्रसंग घडला. भाताच्या रोपासाठी जमिनीच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. वरून विझलेलं दिसतं, आत निखारा धुमसत असतो. कोंडिबाला आत काय आहे ते बघायचं होतं. त्यानं पाय घालून बघितलं.

"आई!"

चंद्राबाई त्याच्या शेजारीच होती. तिनं त्याला उचलला, तळवा तोंडाशी धरला आणि फुंकर घालायला लागली. तो तिच्या कानाशी "आई गं, आई गं" करून बोंबलत होता आणि ती ओठ आवळून नुसती फुंकत होती. ओ आली ती तीन शेतं पलीकडून. "ओ! ओ रं! आले रं!" करत सगुणाबाई ढेकळांतून पळत येत होती. पोर रडायचं थांबेपर्यंत हे चाललं. एकीनं फुंकायचं, दुसरीनं ओ द्यायची. फुंकर घालायला नियमाची हरकत नव्हती.

रात्री भाकरी टाकताना चंद्राबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, "औंदा सोडवून आना त्याला."

"अगं, पाच भरू देत की."

"मग भरल्याबरुबर. दुसऱ्या दिशी न्हाई."

तोवर तिला मुलगी झाली होती, बाळाबाई. तिच्यासाठी कोणी कोंडा काढला नाही. सटवाई मुलींसाठी एवढा चढ चढून येत नाही, असं सासरचं म्हणणं होतं, आणि बाळी ठणठणीत राहून ते खरं करून दाखवत होती. ती बोलायला लागली ती "आई" करूनच, आणि चंद्राबाई तिला ओ देई. इतकी मोठ्यानं देई की विहिरीवरच्या बायका म्हणत, "अगं, पोरगी मांडीवर हाय न्हवं तुज्या?" कोंडिबा हे बारकाईनं बघत असे. एकदा त्यानं बाळीला विचारलं, "तू किती कोंडा दिलास गं हिला?" बाळीनं उत्तर म्हणून त्याचा कान चावला.

मार्गशीर्षात, भाताची झोडणी उरकल्यावर, गेनबा सूप भरून सगुणाबाईच्या अंगणात आला. मागं चंद्राबाई, तिच्या कडेवर बाळी, आणि स्वतः माल.

सगुणाबाईनं सुपात बोटं घातली, चिमूट उचलली, चोळली आणि फुंकली. सगळी उडाली.

"ह्ये तूस हाय."

"आक्का, कोंडाच हाय की."

"कांडलेल्या भाताचं वरचं टरफल ह्ये. कोंडा चिकटतो बोटाला. म्या कोंडा दिला हुता, तूस न्हाई. तुसाला पोर देत न्हाई मी."

गेनबाला वाटलं, पाचवीला केला तसाच हा लटका सौदा. त्यानंही रीतीप्रमाणे तोंड वाकडं केलं. "न्हाई तर न्हाई. ठेवा तुमच्यापाशीच."

"ठेवते," सगुणाबाई म्हणाली.

हे तिनं जरा लवकरच म्हटलं. रखमाजीचा सुतळी वळणारा हात थांबला. चंद्राबाईनं बाळीला खाली ठेवलं, गेनबाच्या हातातलं सूप घेतलं, तूस उकिरड्यावर पालथं केलं आणि घरी गेली. उखळाचा आवाज यायला लागला. दुपारभर येत राहिला. कोंडिबा दोन्ही घरांच्या मधे बांधावर बसून आपली किंमत कांडली जात असलेली ऐकत होता. दोनदा तो उखळापाशी जाऊन किती झालं ते बघून आला आणि इकडं येऊन सांगून गेला, "अजून बुड बी झाकलं न्हाई सुपाचं."

उन्हं कलल्यावर चंद्राबाई सूप घेऊन आली. हाताला फोड आले होते. कोंडा पिवळसर, मऊ, सुपाच्या काठाला लागलेला. तिनं तो सगुणाबाईसमोर ठेवला आणि म्हणाली, "बगा आक्का. चिकटतो का."

सगुणाबाईनं बोट बुडवून वर धरलं. चिकटला होता. तिनं बोट बराच वेळ बघितलं. मग कोंडिबाच्या पाठीत एक धपाटा घातला, हा पाच वर्षांतला पहिलाच, आणि म्हणाली, "घेऊन जा तुमचं काळं. नाक अजून बसकंच हाय." कोंडा शेळीनं त्याच संध्याकाळी संपवला.

आता पोर आई म्हणणार, म्हणून चंद्राबाई वाट बघू लागली. पोर "वैनी, भूक" म्हणालं. दुसऱ्या दिवशीही वैनीच. त्याला सांगून झालं, गेनबानं दरडावून झालं. तो म्हणाला, "आई तर तिकडं हाय." चंद्राबाईनं मग सांगणं सोडलं आणि दुसरा मार्ग धरला. ती त्याच्या नजरेआड राहू लागली. भाकरी ठेवून गोठ्यात जाऊन बसायची, म्हणजे हाक मारील. तो हाक न मारता शोधून काढायचा. शोधण्यात त्याला जास्त गोडी होती.

एका दुपारी तो पेंढ्याच्या गंजीवर चढला आणि उतरायची वाट सापडेना. वरून तो रडत ओरडला, "आई!"

"ओ!"

दोन्हीकडून आली, एकदमच. चंद्राबाई गोठ्यातून धावली होती. सगुणाबाई भांडी टाकून, हाताला राख तशीच, बांधावर येऊन उभी होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. गंजीवर कोंडिबाचं रडणं थांबलं. त्याला हे नवीन होतं. त्यानं एकीकडं बघितलं, दुसरीकडं बघितलं, आणि पुन्हा काय होतं ते बघावं म्हणून, आता मुळीच न रडता, खणखणीत हाक मारली.

"आई!"

चंद्राबाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ती बांधाकडं बघत होती. सगुणाबाई हाताची राख पदराला पुसत होती. एवढी मोठी हाक, पण तिनं मान वर केली नाही. पुसून झाल्यावर ती वळली आणि घरात गेली. मग चंद्राबाईनं ओ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई ताकाचा गडवा घेऊन आली. "आक्का, काल..."

"काय? मोठ्यानं बोल जरा."

"म्हनलं, काल पोरगं..."

"ऐकू येत न्हाई बग. कान बसल्यात. वारं भरलं असंल."

चंद्राबाईनं गडवा पुढं केला. मग मोठ्यानं म्हणाली, "ताक आनलंय!" आणि गडवा ठेवून गेली. त्यानंतर ती रोज ताक आणी आणि रोज ते ओरडून सांगे.

कोंडिबानं आपल्या परीनं तपास केला. सगुणाबाईच्या मागं जाऊन तो कधी कुजबुजे, कधी थाळी वाजवी. ती वळत नसे. बांधापलीकडं दिवसभर "आई" चाले, तेव्हा ती वाल सोलत बसलेली असे, आणि तिचा एक दाणाही खाली पडत नसे. वाडीनं मान्य केलं की म्हातारी बहिरी झाली. रखमाजीनंही मान्य केलं. घरात दोघांचंच बोलणं, ते कमी झालं म्हणून त्याचं फारसं अडलं नाही.

काही वर्षांनी वाडीत माणसं मोजायला भोरहून एक कारकून आला. ओटीवर बसून त्यानं रखमाजीला सगळं विचारलं. शेवटी, बाईमाणसाला वाईट वाटू नये म्हणून, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "यांना कमी ऐकू येतं म्हणतात, खरं का?"

रखमाजी काही बोलायच्या आत आतून, चुलीपासून, सगुणाबाई म्हणाली, "कमी न्हाई. काईच येत न्हाई."

कारकुनानं तसं लिहून घेतलं. ओटी आणि चूल यांच्या मधे भिंत होती.