एका हातात मावतील तेवढ्या काठ्या

माझ्या बहिणीचा नवरा हॉइट टिडमोर आयुष्यभर सगळ्यांना एकच उपदेश करत आला. "माणसाला गळाच्या तीन काठ्या पुरतात. एक ताठ, एक लवचीक, एक मधली. त्यापुढची प्रत्येक काठी म्हणजे नुसती हौस." आणि हे सांगणाऱ्याच्या गॅरेजचं छत दिसत नव्हतं. वर आडव्या टांगलेल्या काठ्या, भिंतीला उभ्या काठ्या, कपडे धुण्याच्या मशीनमागेसुद्धा दोन-चार सापडायच्या. माझी बहीण अर्लीन म्हणायची, "तीन त्याच्या आहेत ना? मग बाकीच्या माझ्या असणार. मला अजून कुणी सांगितलं नाही, एवढंच."

अर्लीनची खरं तर एकच काठी होती. आखूड, पिवळट, टोक मोडकं. लग्नानंतर पहिल्याच वसंतात हॉइटने पिकअपचं मागचं दार धाडकन लावलं आणि तिच्या काठीचा शेंडा त्यात चिरडला. आमच्या तळ्याकाठी हे प्रत्येक घरात एकदा तरी होतंच. कुणाची काठी दारात जाते, कुणाची छताच्या पंख्यात. नवी घेऊन देतो म्हणून तो मागे लागला, पण बाईसाहेबांनी मोडक्या टोकावर तंगुसाचा दोरा ओवायची नवी कडी चिकटवून घेतली आणि जन्मभर तीच वापरली. दर वाढदिवसाला हॉइट विचारायचा, "या वर्षी तरी नवी काठी?" आणि ती म्हणायची, "काठी नको. दार हळू लावत जा."

आता दोघंही नाहीत. त्यांच्या तीन काठ्या माझ्या दाराआड उभ्या आहेत. अलाबामात राहून मी स्वतः कधी मासे धरले नाहीत, केस कापण्यात जन्म गेला माझा. पण शनिवारी दुकान बंद असलं की मी त्यांच्याबरोबर तळ्यावर जायची. बर्फाच्या पेटीवर बसायचं, उकडलेल्या शेंगा खायच्या आणि त्या दोघांची भांडणं ऐकायची. पहाटेच्या धुक्यात मोटारीच्या तेलाचा वास, कागदात गुंडाळलेले गरम सॉसेज-बिस्किट, आणि हॉइटची झडती. "केळं नाही ना कुणाकडे?" बोटीत केळं आलं की मासा लागत नाही, यावर त्याचा चर्चपेक्षा जास्त विश्वास होता. एकदा अर्लीनने मुद्दाम केळ्याचा केक आणला आणि तो खाऊन झाल्यावर त्याला सांगितलं. त्या दिवशी तिला हातभर बास मासा लागला आणि याला काही नाही. महिनाभर तो तेच बोलत होता. ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं आणि मग बराच वेळ काही करावंसं वाटत नाही.

बासच्या बोटीत दोन खुर्च्या असतात. पुढे बसेल त्याच्या पायाशी छोटी मोटार. तो नेईल तिकडे बोट जाते, आणि प्रत्येक बुडालेल्या ओंडक्याजवळ, प्रत्येक धक्क्याखाली पहिला गळ तोच टाकतो. मागच्याला उरलेलं पाणी. अर्लीन सगळं आयुष्य मागे बसली. त्या उरलेल्या पाण्यातून ती आखूड काठीने असे मासे काढायची की पुढची खुर्ची गप्प व्हायची. कधीतरी ती उठून पुढे बघायला जायची आणि हॉइट मान न वळवता म्हणायचा, "मागे हो, हनी. बोट हलते." मला त्याचा राग यायचा. तिला येत नसे, किंवा येत असेल तर तिने मला कधी सांगितलं नाही.

मग एका फेब्रुवारीत अर्लीन स्वयंपाकघरात कोसळली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून तिला व्यायामाच्या केंद्रात हलवलं. तिथे ती खिडकीकडे तोंड करून पडून राहायची. डावा हात चांगला होता, पण त्यानेही ती काही धरायला तयार नव्हती. चमचा दिला तर सोडून द्यायची. तिथे व्यायाम घेणाऱ्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हात आम्ही शिकवू. पण त्यांना काहीतरी हवंसं वाटायला पाहिजे. नाहीतर त्या अशाच पडून राहतील."

त्यांच्या मुलीने, मार्लाने, दोघांना शहरात आपल्याकडे न्यायचं ठरवलं. तळ्यावरचं घर विकायचं. बोट तर आधीच विकली गेली होती. "डॅडी," मार्ला फोनवर म्हणाली, "माझ्या गॅरेजमध्ये तीन काठ्यांची जागा आहे. तुम्हीच म्हणता ना, तीन पुरतात?" बाकीच्या सगळ्या शनिवारी अंगणात मांडून विकायच्या होत्या.

त्यानंतर हॉइटला काठ्यांनी पछाडलं. सकाळी तो अर्लीनला भरवायला यायचा आणि तिचं खाणं आटोपलं की लगेच निघायचा. दुपारभर तिच्याजवळ मी. तो कुठे जातो म्हणून विचारलं तर म्हणायचा, "तीन निवडायच्यात, नेडी. सोपं नाही." माझ्या डोक्यात तिडीक जायची. माझी बहीण इथे ओंडक्यासारखी पडलीये आणि हा माणूस काठ्या निवडतोय!

त्यात एक दिवस आमिषाच्या दुकानाचा क्लोव्हिस माझ्याकडे केस कापायला आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने सुरू केलं.

"मिस नेडीन, हॉइटला कुणीतरी समजावा. त्याचं डोकं ठिकाणावर नाही."

"ते कधी होतं?"

"चेष्टा नाही करत मी. तीनच ठेवायच्या तर कुठल्या, हे आमच्या दुकानात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एक सात फुटी, जराशी ताठ, तिने बहुतेक सगळं होतं. एक हलकी, बारीक आमिषासाठी. आणि एक दणकट, गवतातून मासा ओढायला. त्यानेच तर शिकवलं आम्हाला! आणि आता ती सात फुटी, चर्चच्या स्पर्धेत जिंकला होता बघा, ती मला विकून गेला. गवतातली दणकट पण विकणार म्हणतो."

"मग ठेवतोय काय?"

क्लोव्हिसने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बटणाचं रीळ नेलं त्याने माझ्याकडून."

मलासुद्धा धक्का बसला. रीळ म्हणजे काठीवरचं दोरा गुंडाळायचं चाक, आणि बटणाचं रीळ म्हणजे आमच्याकडे पोरांचं रीळ. अंगठ्याने बटण दाबायचं, काठी झटकायची, बटण सोडायचं, झालं. मोठ्या माणसाच्या हातात ते दिसलं तर हॉइट त्याला नमस्कारसुद्धा करत नसे. एकदा पास्टरच्या हातात दिसलं तर पुढचे काही रविवार हा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता.

"नातवंडासाठी नेलं असेल," मी म्हटलं.

"मार्लाला मूल कुठे आहे?" क्लोव्हिस म्हणाला, आणि मी त्याची एक कल्ली जरा जास्तच छाटली.

गिऱ्हाईक संपल्यावर मी तडक गाडी काढली. मनात सगळं भाषण तयार होतं.

अंगणात पोचले तर हॉइट पाठमोरा उभा. समोर दूरवर गवतात एक बादली ठेवलेली. बाजूला काठ्यांचे दोन ढीग, एक मोठा, एक अगदी छोटा. तो डाव्या हाताने एकेक काठी उचलत होता आणि तिचा गळ बादलीच्या दिशेने फेकत होता. आणि कसलं ते फेकणं! जो माणूस धक्क्याच्या दोन फळ्यांमधून गळ आत घालायचा, त्याचा गळ आज अर्लीनच्या अझेलियांच्या फुलझाडांमध्ये अडकत होता. काठी मोठ्या ढिगात. पुढची. पुन्हा अझेलिया. उजवा हात त्याने पट्ट्यात खुपसून ठेवला होता.

मी तोंडाचा पट्टा सोडला. "लाज नाही वाटत? ती तिथे खिडकीकडे बघत पडलीये आणि तू इथे सर्कस करतोयस? काठ्या, काठ्या, काठ्या! जन्मभर तिला मागे बसवलंस, आता तर बोटीतूनच उतरवलंस!"

त्याने पुढची काठी उचलली, फेकली. गळ घराच्या पन्हाळीला लागला.

"आणि धड फेक तरी! तो उजवा हात काढ ना पट्ट्यातून!"

"तिला काढता येतो का?" हॉइट म्हणाला.

मी त्याच्या पट्ट्यातल्या हाताकडे पाहिलं.

त्याने काठी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळला. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच, काठ्यांबद्दल बोलतानाचा. "आमची चांगली रिळं सगळी एकाच बाजूची असतात, नेडी. फिरवायची मूठ दुसऱ्या बाजूला बसवता येत नाही. ती सगळी विकायला. ही दोन उघडी रिळं, यांची मूठ कुठल्याही बाजूला बसते. काठी काखेत दाबायची, डाव्या हाताने फिरवायचं. गळ मी टाकून दिला तर अर्लीन ओढू शकेल. पण स्वतः टाकायचं म्हटलं तर एका हाताने तंगूस मोकळा करायचा आणि त्याच हाताने फेकायचं, ते फक्त बटणावर होतं. लांब काठीवर लावलं तर मनगट दुखतं. म्हणून ते तिच्या आखूड काठीवर लावलंय. ती बसते मापात."

"अरे, पण मग बोलला का नाहीस?"

"आणि तिने हातच लावला नाही तर? क्लोव्हिसच्या दुकानात सगळ्यांनी विचारलं असतं, लागला का हात, लागला का हात." त्याने छोट्या ढिगाकडे पाहिलं. "तिने यातली एकही धरली नाही, तर मलाही कुठली नको. तिन्ही मार्लाच्या टोमॅटोंना आधाराला लावीन."

"तीनच का पण? मार्लाला सांगू आपण, अजून दोन-चार राहतील तिच्याकडे."

"मार्लाचा काय संबंध? एका हातात मावतात तेवढ्या घ्यायच्या. दुसऱ्या हातात ती असणार."

मला रडू फुटलं. अझेलियांची वाट लावली म्हणून रडले, असं मी नंतर क्लोव्हिसला सांगितलं. मग मी चपला काढल्या, उजवा हात पाठीमागे धरला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या बादलीत गळ टाकत होतो. आखूड काठीने मीसुद्धा बादलीला लावला एकदा, आणि हॉइट म्हणाला, "बघ, आता कुणालाही जमेल."

शनिवारी काठ्या विकल्या गेल्या. माणसं येऊन हळहळत होती, हॉइट खुर्चीत बसून लिंबाचा गोड चहा पीत होता. एकदाही मागे वळून पाहिलं नाही त्याने.

मार्लाच्या घरामागे वसाहतीचं तळं आहे. मध्ये कारंजं, काठाला सिमेंटची पायवाट, बदकं, आणि कडेला थोडं गवत. आमच्या तळ्याच्या मानाने तो आंघोळीचा टबच. पण त्यात बास आहे, हे हॉइटने पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. मे महिन्यात एका सकाळी मी भेटायला गेले तेव्हा तो अर्लीनला घेऊन निघालाच होता. एका हातात ती, पाय ओढत. दुसऱ्या हातात तीन काठ्या. खुर्ची माझ्याकडे दिली.

आम्ही तिला काठावर बसवलं. हॉइटने लांब काठीने आमिषाचं रबरी गांडूळ लांब टाकलं आणि काठी तिच्यापुढे धरली. अर्लीन कारंज्याकडे बघत राहिली. त्याने मूठ तिच्या डाव्या हाताला लावली. हात निसटला आणि मांडीवर पडला. दुसऱ्या काठीचंही तेच. आखूड काठी त्याने तिला दिलीच नाही. नुसती खुर्चीशेजारी गवतावर ठेवली, अगदी सहज, विसरल्यासारखी. मला वाटतं त्याची हिंमत झाली नाही.

मग तो ती लांब काठी घेऊन पुढे गेला आणि पाण्याच्या कडेला, तिच्या बरोबर समोर उभा राहून स्वतः टाकू लागला. सवयच ती. त्याचे खांदे इतके पडले होते की मला बघवेना. मी मार्लाच्या टोमॅटोंचा विचार करत होते.

थोड्या वेळाने मागे काहीतरी खरडलं. वळून बघते तर अर्लीन खुर्चीतून वाकली होती आणि डाव्या हाताने गवतातली काठी ओढत होती. ती मांडीवर आली. तिने शेंडा जवळ घेतला आणि मोडक्या टोकावरच्या कडीवरून बोट फिरवलं. मग खाली रिळावर. अंगठा बटणावर गेला आणि तिथे थांबला. तिने त्या पोरांच्या रिळाकडे पाहिलं, मग हॉइटच्या पाठीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडाची एक बाजू वर गेली.

"मा..." ती म्हणाली.

हॉइट वळला. त्याच्या हातातली काठी खाली पडली.

"काय, हनी?"

फेब्रुवारीपासून तिने एक धड शब्द काढला नव्हता. तिने डोळे मिटले, शब्द शोधले, आणि एकेक करून बाहेर ढकलले.

"मागे हो... हनी. बोट... हलते."

हॉइटने पायाखाली पाहिलं. खाली सिमेंट होतं. मग तो पाय न वाजवता तिच्या खुर्चीमागे गेला, गवतावर बसला, आणि तिने गळ टाकेपर्यंत जराही हलला नाही.