नसीमाचा न सुटलेला डाव

नसीमा गेल्याचं मला सांगलीहून कळलं. साताऱ्यात तिच्या-माझ्या घराची भिंत एक. तिच्या कुकरची शिट्टी मला ऐकू यायची. पण पहाटे दवाखान्यातून तिच्या इम्राननं पहिला फोन केला तो सांगलीला मुमताजमावशीला, आणि तिनं मला. लेकानं आईच्या सख्ख्या बहिणीला आधी कळवायचं नाही तर कुणाला? कळतं मला. तरी फोन ठेवला आणि रडण्याच्या आधी राग आला...

आमची मैत्री पत्त्यांवरची. तिचे मिस्टर फौजेतून रिटायर होऊन आले ते हा खेळ घेऊनच. ते लवकर गेले, खेळ आमच्याकडे राहिला. एकीनं मनात एक नियम धरायचा, दुसरीनं एकेक पान टाकायचं. नियमात बसलं तर ‘व्हय’, पान रांगेत. नाहीतर ‘न्हाई’, पान बाजूला. तेवढ्यावरून नियम ओळखायचा. दुपारी तिचं पिको-फॉलचं काम उरकलं की शिलाई मशीनच्या फळीवर डाव मांडायचा, आणि सुटला नाही तर रांग तशीच दुसऱ्या दिवसापर्यंत. हरले म्हटलं तरी ती नियम सांगायची नाही. एकदा कित्येक दिवस माझं डोकं खाल्लं. शेवटी उजवा हात कणकेचा होता म्हणून डाव्यानं पान टाकलं, तर ‘व्हय’! पुन्हा डाव्यानं, पुन्हा ‘व्हय’. पानांचा संबंधच नव्हता. “तुला पत्तंच दिसत्यात गं सुमे, मानूस दिसत न्हाई,” म्हणून पोट धरधरून हसली.

मुमताज मात्र अधूनमधून सांगलीहून यायची, भडंगाची पिशवी ठेवायची आणि दोन-चार पानांत नियम सांगून मोकळी. मग दोघी बहिणी टाळ्या देत आपल्या बोलीत काहीतरी बोलून हसायच्या. मी चहा ठेवायला उठायची. फार जळायची मी... ते भडंगसुद्धा मला खवट लागायचं.

नसीमाच्या चाळीसाव्या दिवसाला मुमताज आली. जेवणं उरकली तशी मशीनपाशी माझ्या शेजारी येऊन बसली.

“सुमनताई, एक इचारू? आपा तुमाला कसलं नियम घालायची वो?”

मी डाव्या हाताचा सांगितला. तिचा चेहरा उतरला.

“मला कायम लाल-काळंच. म्हनायची, तू पावनी, दमून आलीस. सुमीसाठी मातर सकाळपासनं डोकं चालवायची, मशीन मारताना सुदिक. लय राग यायचा मला तुमचा.”

मला बरं वाटलं. त्या घरात, त्या दिवशी... लाज वाटायला हवी होती. आधी बरं वाटलं.

शेवटचा डाव फळीवर तसाच होता. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दुपारचा. इम्रानला मी हात लावू दिला नव्हता. चौकटची सत्ती, किलवरची राणी, बदामची दुर्री, पुन्हा किलवर... रोज दुपारी जाऊन बसायची, सुटत नव्हता. मुमताज वाकली. ओठ हलवत एकेक पान वाचू लागली. सोप्याच नियमांची सवय म्हणाली खरी, पण सख्खी बहीण ती. राणीवर तिचं बोट थांबलं.

“ताई, ह्ये तर...”

मी दोन्ही हातांनी रांग मोडली आणि पानं गोळा केली.

मुमताजनं बोट मागं घेतलं. मी निघताना इम्रान म्हणाला, “काकी, पत्त्यांचा कॅट तुमीच न्या.” तिच्यादेखत म्हणाला.

रांग मला पाठ आहे. दुपारी दाराला कडी घालते आणि मांडते.