अरबाबांच्या सात नळ्या

२०२२ साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती, आणि खंडेनवमीला पूजेत मांडायला माझ्याकडे साधा एक पानासुद्धा नव्हता.

सूनबाईनं सकाळी पाट मांडला. त्यावर तिचा लॅपटॉप, मुलाचा लॅपटॉप, मिक्सर आणि गाडीची किल्ली. हळदकुंकवाची बोटं लावून झाली, तशी मला म्हणाली, "बाबा, तुमचं काय ठेवू?"

"माझी कवळी ठेव," मी म्हणालो.

ती हसली. मी काही हसण्यासाठी बोललो नव्हतो.

माझी शाळा चौथीपर्यंतची, आणि पुढची सगळी वेल्डिंगच्या काळ्या काचेतून झाली. आखातात, शारजाच्या खोर फक्कान बंदरात, एका गॅरेजात मी गाड्यांचे सायलेन्सर सांधायचो. बंदरातून निघणारे ट्रेलर, मच्छीवाल्यांचे पिकअप, डोंगरात उधळणाऱ्या पोरांच्या गाड्या, सगळ्यांचा आवाज माझ्या हाताखालून जायचा. आवाज ऐकून भोक कुठं पडलंय ते सांगायचो. दर खंडेनवमीला वेल्डिंगचं मशीन, हातोडे, ग्राइंडर धुऊनपुसून मांडायचो, वर झेंडू. मग मुलानं मला आणि बायकोला दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये आपल्याकडे आणलं. एकतिसावा मजला. हत्यारं गॅरेजातच राहिली, माझ्या जागी आलेल्या माणसाला. एकतिसाव्या मजल्यावर हातोडा घेऊन मी काय ठोकणार होतो?

पण एक जागा होती जिथं माझ्या हाताला अजून काम होतं, आणि ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

आमच्या गॅरेजचे अरबाब, म्हणजे मालक, तिकडचेच अरब. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांचे वडील मुंबईला खजूर घेऊन जायचे, त्यामुळे हिंदी मोडकी पण तोंडात पक्की. त्यांच्या घरी मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, मागं एक खोली आहे, समुद्राच्या बाजूला. भिंतीवर जुन्या बंदुका, आणि दारापाशी काचेत पोलिसांचा परवाना. त्यात लिहिलंय की हे सगळं नुसतं जपायला आहे, उडवायला नाही. पाहुणे येतात ते बंदुका बघतात. चांदीचं काम, शिंपल्याचं काम बघून 'वा वा' करतात आणि गव्हा, म्हणजे तिकडची कॉफी, पिऊन जातात.

मी मात्र त्या खोलीतल्या एका लाकडी पेटीवर खिळलो. हिरव्या मखमलीत सात नळ्या. बंदुकीचे सायलेन्सर. काही शंभर वर्षांवरचे, काही त्याच्या अलीकडचे.

गॅरेज सोडायच्या वर्षी अरबाबांनी मला पहिल्यांदा ती पेटी दाखवली. म्हणाले, "उस्ताद, तुम जिंदगीभर सायलेन्सर बनाया. देखो, तुम्हारे काम का दादा."

मी हातात घेतला तो सगळ्यात जुना, अमेरिकेत बनलेला. वीतभर लांब, अंगानं गुळगुळीत, रंग निळसर काळा, पिकल्या जांभळासारखा. पडू नये म्हणून मुठीत घट्ट धरावा असा जड. एका टोकाला आटे इतके बारीक की नखाला लागतील पण डोळ्याला दिसणार नाहीत. तोंडाकडे बघितलं आणि माझ्यातला कारागीर जागा झाला. भोक मधोमध नव्हतं, वरच्या अंगाला सरकलेलं होतं.

"अरबाब, तुम्हाला फसवलं," मी म्हणालो. "माल डिफेक्टिव्ह आहे. सेंटर चुकलाय."

अरबाब इतके हसले की त्यांना खोकला आला. "तुम्हारा आँख खराब है या अक्कल?" मग भिंतीवरची रायफल काढून माझ्या पुढ्यात धरली, आणि तिच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या त्या दाण्यावर, बोट ठेवलं. "भोक बीच में होगा तो ये मोटा डब्बा ऊपर आएगा. निशाना कहाँ से देखेगा? तुम्हारे माथे से?"

मी पुन्हा बघितलं. खरंच की. नळी खाली लोंबती ठेवली होती, म्हणजे डोळा आणि माशी यांच्या मध्ये काही येऊ नये. बनवणाऱ्यानं आवाजाचा विचार केलाच होता, पण ज्याच्या हातात ही वस्तू जाणार त्याच्या डोळ्याचाही केला होता. मी मान डोलावली. चुकलो असं काही म्हणालो नाही. म्हणालो, "बघू म्हटलं तुम्हाला माहीत आहे का."

"यल्ला, झूठा," ते म्हणाले, आणि तिथून आमची खरी दोस्ती सुरू झाली.

त्या नळीची कथा त्यांनीच मला सांगितली. बनवणाऱ्याच्या बापानं जगातली सगळ्यात कर्कश बंदूक बनवली होती, एकामागून एक गोळ्या ओकणारी, आणि स्वतःच्याच आवाजानं तो बहिरा झाला. त्याच्या पोरानं ही शांत नळी काढली. तेव्हा ती चोरदरोडेखोरांसाठी नव्हती. घरच्या बागेत नेमबाजी करताना शेजाऱ्याला त्रास होऊ नये, अशी तिची जाहिरात असायची. आणि त्याच माणसानं पुढं मोटारीचे सायलेन्सरही केले. हे ऐकलं तेव्हा मी ती नळी पुन्हा हातात घेतली. म्हणजे मी ज्या धंद्यात जन्म घालवला, त्याचं गोत्र या पेटीत होतं!

सिनेमात दाखवतात तसा फुस्स आवाज होत नाही, हेही अरबाबांनी सांगितलं. आवाज कमी होतो, जात नाही. मला तर ते फार आवडलं. आम्ही तरी इंजिनाचा आवाज कुठं मारतो? त्याला माणसात आणतो, एवढंच.

बाकीच्या सहाही मी ओळखू लागलो. एक इंग्लंडची, सशांच्या शिकारीची, पेन्सिलीसारखी सडपातळ. एक फ्रान्सची, तिच्यावर बनवणाऱ्याच्या गावाचं नाव झिजून निम्मं उरलेलं. एक अजून तिच्या मूळ पुठ्ठ्याच्या डब्यात. अरबाबांना या नळ्या जमवायला चाळीस वर्षं लागली. दरवेळी परवाना, कस्टम, पुन्हा परवाना. त्यांच्या मुलाला यात रस नाही. तो तिकडे अबू धाबीत, अल रीम आयलंडवर राहतो, ईदला येतो.

अरबाबांचे हात आता थरथरतात. खोर फक्कानची हवा खारी, जुन्या पोलादाला ती खाते. म्हणून दर शनिवारी मी जायचो. हातात सुती मोजे, एक मऊ फडकं, एक तेलाचं फडकं. सात नळ्या पुसायच्या. कधी दोन शब्द बोलायचे, कधी नाही. ती खोली म्हणजे माझं गॅरेज झालं होतं.

तर त्या खंडेनवमीला मी कपडे घातले आणि बायकोला म्हणालो, "मी खोर फक्कानला जातो. त्या नळीला झेंडू वाहून येतो."

"अहो, आज कुठं शनिवार आहे?" ती म्हणाली. "आणि परक्याच्या घरातल्या वस्तूची पूजा? ती तरी तुमची आहे का?"

"हात माझा लागतो तिला."

"हात तर माझा दिवसभर कुकरला लागतो. त्याला कधी फूल वाहिलंत?"

बुर दुबईत देवळाच्या गल्लीत झेंडू घेतले. पुडा ओला, गच्च. बायकोला फोन करून सांगितलं तर म्हणते, "दहा दिरहम? सव्वादोनशे रुपयांचे झेंडू! गावाकडे टोपली आली असती." मी फोन ठेवला.

दुपारी पोहोचलो. अरबाब दारात आले, दिवस चुकला म्हणून हसले आणि गव्हा सांगायला आत गेले. मी खोलीत जाऊन पेटी उघडली. घाई झाली होती म्हणा, पण मोजे चढवले नाहीत. अमेरिकेची नळी काढून टेबलावर फडक्यावर ठेवली. झेंडू बाजूला मांडले. कुंकवाची पुडी सोडली, पाण्यात बोट भिजवलं, आणि कुंकू चिमटीत घेतलं तेवढ्यात अरबाब मागं उभे.

"उस्ताद, ये क्या करता तुम?"

"आज आमची खंडेनवमी. हत्याराला टिळा लावतोय."

"नहीं," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण गॅरेजात गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचे तसा होता तो. "इधर नहीं."

"गॅरेजात तर दरवर्षी करायचो. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"गॅरेज में तुम्हारा हथौड़ा था. तुम उसको फूल दो, हार दो, मेरा आँख दूसरा तरफ. ये मेरा घर है, ये मेरा चीज है. इधर मैं नमाज पढ़ता. मेरे घर में लोहे को पूजा हराम."

"पूजा म्हणजे काय, अरबाब? मान द्यायचा, एवढंच."

"मान कपड़े से दो. तेल से दो. हर शनिवार देता है ना?"

आता शहाणा माणूस इथं थांबला असता. पण माझ्या डोळ्यांपुढं सकाळचा तो पाट होता, मिक्सर होता. साऱ्या वर्षात हा एक दिवस, आणि ह्या हातांना फूल वाहायला काही नाही. मी म्हणालो, "माझ्याकडे एकही हत्यार उरलं नाही. हे एक होतं असं समजत होतो. माझंच चुकलं. तुमच्या नळ्या तुम्हीच पुसा आता."

"उस्ताद, बैठो. गव्हा पियो."

"खलास," मी म्हणालो. नळी उचलून पेटीत घातली, झाकण लावलं, झेंडूचा पुडा काखेत मारला आणि चालता झालो. अरबाबांनी मागून हाक मारली नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मारली नसती.

घरी आलो तर दिवेलागण होत होती. बायकोनं चहा पुढं केला आणि माझा हात धरला. "हे काय, बोटं लाल? टिळा लावून आलात ना?"

"नाही लावू दिला."

"मग हात तरी धुवायचे. बसमध्ये काय म्हणाले असतील लोक!"

मी बोटांकडे बघितलं. कुंकू, पाणी आणि घाम. आणि मग आठवलं की ह्याच हातानं मी नळी उचलून ठेवली होती, मोज्याशिवाय, आणि वर झाकण लावलं होतं. ओल आत कोंडलेली. तो जांभळासारखा रंग शंभर वर्षं टिकला होता, आणि माझ्या बोटांचे ठसे त्याच्यावर रात्रभर गंज धरणार. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला गॅरेजच्या बाहेर काढलं असतं.

फोन करावासा वाटला. नंबर काढला आणि पुन्हा ठेवून दिला. काय म्हणणार होतो, पुसून घ्या म्हणून? थरथरत्या हातानं? आणि मी 'खलास' म्हणून आलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी दसरा. सूनबाई तोरण बांधत होती. मी पायात बूट घालताना बायको म्हणाली, "अहो, आज सण आहे. श्रीखंड आहे."

"संध्याकाळी खातो."

"कालच भांडून आलात ना?"

"भांडण त्यांच्याशी. नळीनं काय केलंय?"

मेट्रो, मग शारजाची बस, मग खोर फक्कानची. डोंगर ओलांडेपर्यंत ऊन वर आलं होतं. अरबाबांनी दार उघडलं, मला बघितलं, आणि बाजूला झाले. खोलीत शिरलो तर उदाच्या अत्तराचा असा वास की डोकं गरगरलं. पेटी उघडी होती. अमेरिकेची नळी फडक्यावर, आणि ती अंगभर तुकतुकत होती, लग्नाला निघालेल्या अरबाच्या दाढीसारखी.

"अरबाब, ह्याला काय लावलंत?"

ते दारातच उभे. "गीला था. लाल था. तुम्हारा तेल किधर रखता, मुझे नहीं मालूम. मेरे पास दहन-ऊद था." मग नळीकडे बोट करून, "तेल है ना? तेल तो तेल."

"बंदुकीला अत्तर?"

"अच्छा वाला है. बहुत महंगा."

मी मोजे चढवले, खुर्ची ओढली, मऊ फडकं घेतलं आणि ते अत्तर काढायला बसलो. आट्यांमध्ये बसलं होतं, निघता निघेना. अरबाबांनी गव्हा आणून माझ्या उजव्या हाताला ठेवला आणि समोर बसले. गंज कुठंच नव्हता. तरी मी ती नळी पुन्हा पहिल्यापासून पुसली, आणि ती झाल्यावर बाकीच्या सहाही बाहेर काढल्या.